मुद्दाम अगम्य लिहिलेला कोड: कला की खोडी?

रात्रपाळी: ‘आयओसीसीसी म्हणजे प्रोग्रामिंगमधली खरी कलास्पर्धा’ ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. आयओसीसीसी म्हणजे सी भाषेत मुद्दाम अगम्य कोड लिहायची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. दुसऱ्याला कळू नये म्हणून लिहायचं, यात कला कसली? रात्री दोनला सिस्टीम बंद पडली की असला कोड आमच्या गळ्यात येतो. वर त्याला बक्षीस!

अर्धविराम: अहो, स्पर्धा सुरूच झाली वाईट कोडच्या वैतागातून. बॉर्न शेल या युनिक्समधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सोर्समध्ये (मूळ कोडमध्ये) मॅक्रो, म्हणजे शब्दांची अदलाबदल करणारे शॉर्टकट, लावून सीला अल्गोल या दुसऱ्या भाषेचं रूप दिलं होतं. ते वाचून लँडन नोल आणि लॅरी बासेल या प्रोग्रॅमरांनी 1984 मध्ये ही स्पर्धा काढली. आणि याच स्पर्धेतला 1988 चा ब्रायन वेस्टलीचा प्रोग्रॅम बघा. सोर्समध्येच चिन्हांचं वर्तुळ आहे, त्याचंच क्षेत्रफळ मोजून तो पायची किंमत काढतो. जास्त अचूक हवी? वर्तुळ मोठं काढा. ही कला नाही तर काय?

रात्रपाळी: ते सुंदर आहे, मान्य. पण याच नादानं आपल्या कॉलेजांची वाट लावली. ‘आय++ अधिक ++आय, आउटपुट लिहा’, म्हणजे एकाच ओळीत आयची किंमत दोनदा वाढवून उत्तर विचारायचं, हे कुणी सोसलं नाही?

शून्यबाइट: मी सोसलंय! व्हायवात (तोंडी परीक्षेत) सांगितलं, ‘सर, याचं उत्तर सीच्या स्टँडर्डनंच, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांनीच, ठरवलेलं नाही.’ सर म्हणाले, ‘टर्बो सीत येतं ते लिही.’ टर्बो सी म्हणजे एक जुना कंपायलर, कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम. मार्क कापले. पुढे नोकरीच्या मुलाखतीतही तोच प्रश्न!

रात्रपाळी: बघा, हीच ती संस्कृती.

अर्धविराम: साफ चूक! त्या सरांचं पाप स्पर्धेच्या माथी मारू नका. 1984 मध्येच स्पर्धक मुलेंडरनं मेन हे फंक्शन (जिथून सी प्रोग्रॅम सुरू होतो) न लिहिता आकड्यांचा अ‍ॅरे, म्हणजे यादी, दिला, आत पीडीपी-11 आणि व्हॅक्स या जुन्या संगणकांचा मशीन कोड. तो जिंकला, पण नंतर एका मशीनवर अडकणाऱ्या कोडला नियमानं बंदी आली. इतकी शिस्त आपल्या प्रश्नपत्रिकांत दाखवा!

शून्यबाइट: हे मात्र खरं. आमच्याकडे एका जुन्या कंपायलरचं उत्तर म्हणजे ब्रह्मवाक्य. शिकवणाऱ्यांनीच स्टँडर्ड उघडून पाहिलेलं नसतं.

अर्धविराम: आणि प्रोग्रॅमर फॅब्रिस बेलार्डनं 2001 मध्ये त्या स्पर्धेत इवलासा सी कंपायलर दिला, त्यातूनच पुढे टीसीसी (टायनी सी कंपायलर) झाला.

रात्रपाळी: टीसीसी चांगला आहे, तेवढं सोडतो. तरी माझ्या टीममध्ये असा कोड आला तर मर्ज होणार नाही, मुख्य कोडमध्ये घेणार नाही.

अर्धविराम: करूच नका. मीही करत नाही.

शून्यबाइट: पण त्या प्रश्नपत्रिकांचं काय? अजून तेच छापतात. आधी त्यावर बोला.