मदत हवी आहे: सेंट्रल लॉक लागतं आणि लगेच परत उघडतं

घाईत_चालक
गाडीचं सेंट्रल लॉक वेडं झालंय. रिमोट दाबला की चारही दरवाजे खट्‌ करून लागतात आणि पुढच्याच क्षणी खट्‌ करून उघडतात. कधी नीट लागतं, मग पुढच्या आठ-दहा वेळा नाही. रिमोटचा सेल बदलला, फ्यूज पाहिला, दोन्ही ठीक. नवा रिमोट घेऊ की आतला कंट्रोलचा डबा बदलू? गाडी उघडी ठेवता येत नाही, लवकर सांगा.

टेस्ट_लॅम्प
आधी एवढं सांगा:
लॉक कंपनीचं की नंतर बसवलेलं?
चालकाच्या दरवाज्याचा खटका हाताने दाबला तर बाकीचे दरवाजे लागतात का? लागून राहतात का?
परत उघडताना चारही दरवाजे एकदम उघडतात की एखादा मागे राहतो?
यातलं काहीच माहीत नसताना डबा बदला असं कोणी सांगितलं, तर तो फक्त डबा विकतोय.

नाणेसेल
नवा सेल म्हणजे चांगला सेल असं समजू नका. सीआर २०३२ कितीतरी दिवस पडून असतो. नवा मोजला तर ३ व्होल्टच्या वरच दिसायला हवा. शिवाय सेलखालची पत्र्याची जिभली दबली असेल तर बटण दाबताना संपर्क तुटतो. जिभली जराशी वर उचला. रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, दिवा लुकलुकला तर रिमोट ठीक.

गंजका_बोल्ट
कॅमेऱ्यात दिसतो तो टीव्हीच्या रिमोटचा अवरक्त दिवा. गाडीचा रिमोट रेडिओवर चालतो, बहुतेक वेळा ४३३ मेगाहर्ट्‌झच्या आसपास. कॅमेऱ्यात काहीही दिसणार नाही आणि हे बिचारे चांगला रिमोट फेकून देतील.
मुळात दरवाजे एकदा लागतायत ना? मग रिमोटचं काम तिथेच संपलं. संदेश पोचला, डब्याने वाचला, मोटरी फिरल्या. आता उघडा म्हणून दुसरंच कोणीतरी सांगतंय. त्याला शोधायचंय.

निवांत_गियर
बऱ्याच गाड्यांत अनलॉक केल्यावर ३० सेकंदांत एकही दरवाजा उघडला नाही, तर गाडी आपोआप परत लॉक होते. तो बिघाड नसतो, सोय असते. पुस्तिका वाचा.

गंजका_बोल्ट
यांचं उलटं आहे हो. लागून उघडतंय.

घाईत_चालक
बाहेरून बसवलेलं किट आहे. त्याने काय फरक पडतो? खटका हाताने दाबला तरी तेच, कधी राहतं, कधी नाही. उघडताना चारही एकदम.

टेस्ट_लॅम्प
त्यानेच तर सगळा फरक पडतो.
कंपनीच्या लॉकमध्ये सगळं बॉडी कंट्रोलच्या संगणकातून जातं. दरवाजा उघडा आहे हे सांगणारा छोटा स्विच कडीच्या आतच असतो. तो अडकला की दरवाजा बंद असूनही गाडीला उघडाच वाटतो आणि ती लॉक नाकारते. खूण म्हणजे छतावरचा दिवा विझत नाही किंवा डॅशबोर्डवर दरवाज्याचं चिन्ह जळत राहतं. साध्या किटमध्ये हा प्रकार बहुधा नसतो.
किटमध्ये चालकाच्या दरवाज्यात पाच वायरींची मोटर असते, बाकी तिन्हीत दोन वायरींची. पाचांतल्या दोन, सहसा निळी आणि हिरवी, मोटर फिरवतात. उरलेल्या तीन, सहसा काळी, पांढरी आणि तपकिरी, मोटरमध्येच असलेल्या स्विचच्या. काळी म्हणजे अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाची, गाडीच्या पत्र्याशी जोडलेली). खटका खाली गेला की ती एकीला जोडली जाते, वर आला की दुसरीला. डबा हे बघतो आणि बाकीच्या दरवाज्यांना तसंच करायला लावतो. आता या तिनांत कुठे गडबड झाली, तर दरवाजे लागताच डब्याला वाटतं की चालकाने खटका वर केला. तो इमानदारीत चारही दरवाजे उघडतो.
एकदम चारही उघडतायत म्हणजे डबा हुकूम पाळतोय. चुकीचा हुकूम कुठून येतोय ते बघा.

पाना_नंबर_दहा
+१. पण वायरींच्या आधी दांडी बघा. मोटरची दांडी आणि कडीकडे जाणारी मूळ दांडी एका रेषेत नसतील तर मोटर शेवटपर्यंत जात नाही. चाल साधारण १८ ते २० मिमी असते. अर्ध्यावर अडकली की स्प्रिंगच्या जोराने मागे येते, स्विच पलटतो आणि सगळे दरवाजे उघडतात. दांड्या जोडणाऱ्या क्लॅम्पचा स्क्रू सैल झाला तरी असंच होतं. दरवाज्याचं आतलं पॅड काढा, मोटरच्या वायरी सोडवा आणि खटका बोटाने वरखाली करा. जड लागला तर दोष दांडीत किंवा कडीत. कडीतलं जुनं ग्रीस सुकून मेणासारखं होतं, ते धुऊन पांढरं लिथियम ग्रीस लावा. नुसता गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. आठवडाभर बरं वाटतं, मग आहे ते ग्रीसही धुऊन गेलेलं असतं.

नाणेसेल
दरवाज्याचं पॅड उघडायला लावण्याआधी रिमोट परत शिकवून बघा ना. दोन मिनिटांचं काम आहे.

गंजका_बोल्ट
खटका हाताने दाबला तरी तेच होतंय, असं ते वर लिहून गेलेत. त्यात रिमोट कुठून आला?

घाईत_चालक
पॅड काढायची माझी तयारी आहे, पण आधी नक्की काय ते कळू दे. खटका हाताला हलका लागतो. आणि डबा डॅशबोर्डच्या खाली हाताला येतो.

टेस्ट_लॅम्प
मग पॅडला हातही न लावता अर्धा निकाल लागेल.
डब्याच्या कनेक्टरमधून पांढरी आणि तपकिरी या दोनच वायरी पिनसकट बाहेर काढा. रंगावर जाऊ नका, किटागणिक बदलतात. चालकाच्या दरवाज्यातून येणाऱ्या तीन बारीक वायरींपैकी अर्थ सोडून उरलेल्या दोन त्या. टोकांना टेप लावा. आता दरवाजा बंद करून रिमोटने वीसेक वेळा लॉक-अनलॉक करा, पण प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबून. लागोपाठ दाबत राहिलात तर मोटरी तापतात, आणि ज्या मोटरींत तापमानाचं संरक्षण असतं त्या थोडा वेळ बंद पडतात. मग तुम्ही नवाच बिघाड घेऊन इथे याल.
दरवाजे लागून राहिले, तर डबा आणि रिमोट दोन्ही निर्दोष.

घाईत_चालक
केलं. वीसपैकी वीस वेळा लागलं आणि राहिलं! पण आता खटका दाबला की फक्त चालकाचाच दरवाजा लागतो. हे नवीन काय?

टेस्ट_लॅम्प
नवीन काही नाही. खटक्याचा निरोप डब्याकडे नेणाऱ्या वायरीच तुम्ही काढल्यात. म्हणजे डबा सुटला. आता मोटरमधला स्विच, दांडी किंवा मधली वायर.

निवांत_गियर
मागचे दरवाजे आतून उघडत नसतील तर चाइल्ड लॉकची खुंटी बघा. दरवाज्याच्या कडेला, कडीच्या खाली असते.

घाईत_चालक
मागचे दरवाजे आतून उघडतात. डावा मागचा जरा दमाने लागतो, पण ते पहिल्यापासूनच आहे. बाकी ठीक. चालकाच्या दरवाज्याची काचही अधूनमधून अर्ध्यात थांबते, दरवाजा हलवला की चालते. त्याचा याच्याशी संबंध नाही.

पाना_नंबर_दहा
अहो, हे पहिल्या प्रतिसादात लिहायचं होतं! माझी दांडी मागे घेतो.

गंजका_बोल्ट
काच आणि लॉक या दोघांत सामाईक काय, तर दरवाजा आणि बिजागरीकडच्या खांबाच्या मधला रबरी बूट. दोघांच्या वायरी त्यातून जातात. दरवाजा प्रत्येक वेळी उघडला की त्या तिथे वाकतात, आणि चालकाचा दरवाजा सगळ्यात जास्त वेळा उघडतो. आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं आवरण शाबूत राहतं, म्हणून नुसतं बघून कळत नाही. किटच्या वायरी तर बऱ्याचदा भरलेल्या बुटात मागाहून खेचून घातलेल्या असतात, घासून घासून त्यांचं आवरण जातं. उघडी पडलेली अनलॉकच्या सिग्नलची वायर काळीला किंवा दरवाज्याच्या पत्र्याला टेकली, तर डब्याला तो अनलॉकचाच हुकूम.

टेस्ट_लॅम्प
खात्री करून घ्या. त्या दोन वायरी डब्यातून निघालेल्याच आहेत. मल्टीमीटर बझरवर ठेवा, एक टोक अर्थला. खटका खाली असताना दोघींपैकी एकच वाजली पाहिजे, वर असताना दुसरी. कोणती कधी वाजते ते लिहून ठेवा. आता खटका खालीच ठेवून गप्प असलेल्या वायरीवर मीटर लावा आणि दरवाजा हळूहळू पूर्ण उघडून बंद करा, मध्येच बूट बोटांनी दाबा आणि पिळा. बझर वाजला की चोर सापडला.

घाईत_चालक
वाजतो! दरवाजा अर्धा उघडा असताना आणि पूर्ण बंद करताना शेवटच्या टोकाला. बूट दाबला तर सलग वाजतो.

पाना_नंबर_दहा
आधी बॅटरीचं ऋण टोक काढा. काचेची वायर जाड आहे आणि तिच्यात सतत १२ व्होल्ट असू शकतात. बूट दरवाज्याच्या बाजूने सोडवा, कडा बोटाने आत दुमडली की खाचेतून निघते. स्क्रू ड्रायव्हरने टोचू नका, फाटला की पावसाचं पाणी सरळ आत. त्या दरवाज्यात एअरबॅगचा सेन्सर असेल तर बॅटरी काढल्यावर थोडा वेळ थांबून मगच वायरींना हात लावा.

घाईत_चालक
उघडला. तपकिरी वायरीचं आवरण अर्धा इंच गेलंय, तांबं हिरवं पडलंय, काळीचंही थोडं सोललंय. दोन्ही शेजारी शेजारी. काचेची जाड वायर बाहेरून ठीक दिसते, पण वाकवली की मध्ये मऊ लागते. टेप गुंडाळून बंद करू का?

गंजका_बोल्ट
टेप वाकण्याच्या जागी टिकत नाही, उन्हात चिकटा सुटतो आणि ती सरकते. तिन्ही वायरी बदला. जिथे मऊ लागतं तिथे आत दोन-चार तारा उरल्या असणार. मीटरवर १२ व्होल्ट दिसले तरी फसू नका. मीटर जवळजवळ करंटच घेत नाही, त्याला एक तारही पुरते. २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावून बघा, तो पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब मंद पेटला की कळतं.
नवा तुकडा २५-३० सेंमीचा घ्या, बारीक तारांचा, लवचीक, तेवढ्याच जाडीचा. एक जोड दरवाज्याच्या आत, दुसरा खांबाच्या आत. बुटात एकही जोड नको. तिघींचे जोड एकाच जागी आणू नका, तीन-चार सेंमी मागेपुढे ठेवा, नाहीतर तिथे गाठोडं होतं.

वायरीचा_भक्त
सोल्डर करा आणि श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) लावा. क्रिम्प (पक्कडीने चेपलेला जोड) म्हणजे तात्पुरती मलमपट्टी.

गंजका_बोल्ट
उलट आहे. सोल्डर तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो आणि जिथे तो संपतो तिथेच वायर तुटते. नीट पक्कडीने दाबलेला, चिकट अस्तराच्या श्रिंकचा क्रिम्प हलत्या गाडीत जास्त चांगला.

वायरीचा_भक्त
नीट पक्कड किती जणांकडे असते? साध्या पक्कडीने चेपलेला क्रिम्प महिन्यात सैल. वाकणाऱ्या जागेपासून लांब केलेलं सोल्डर कुठेही तुटत नाही.

टेस्ट_लॅम्प
जोड बुटाच्या बाहेर आणि वायर जवळच बांधलेली असेल, तर दोन्ही टिकतात. हा वाद वेगळ्या धाग्यावर न्या. घाईत_चालक, वायरी बुटात सरकवायला साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे वापरा, तेल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं. वायर ताणून बसवू नका. दरवाजा पूर्ण उघडून थोडी ढील उरते का ते बघूनच बांधा.

घाईत_चालक
तिन्ही बदलल्या. सोल्डर केलं, क्रिम्पची पक्कड नव्हती. पांढरी-तपकिरी परत डब्यात. लॉक लागतं, राहतं, खटक्यानेही चारही लागतात. काच एका दमात वर जाते. पॅड काढताना दोन क्लिपा तुटल्या आणि आतलं प्लॅस्टिक कोपऱ्यात फाटलं. ते चालेल ना?

पाना_नंबर_दहा
नाही चालणार. काचेवरून दरवाज्यात येणारं पाणी त्या प्लॅस्टिकमुळे खालच्या भोकांतून बाहेर जातं. फाटक्या कोपऱ्यातून ते पायपुसण्याखाली येईल. जाड प्लॅस्टिकचा तुकडा ब्यूटाइल टेपने चिकटवा, साधा सेलोटेप सुटतो. क्लिपा त्याच मापाच्या घ्या, नाहीतर पॅड खडखडेल.
आणि तो डावा मागचा दरवाजा. तिथे मोटरचे दोन्ही स्क्रू आधी घट्ट करा, मग दांडीची रेष बघा. दांडी वाकवावी लागली तर काच पूर्ण खाली करून ती दांडीला लागत नाही ना हे तपासा. तरीही दमाने लागला तर मोटरच्या दोन वायरींमध्ये बल्ब लावून रिमोट दाबा. एक लक्षात ठेवा, झटका जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद असतो, मीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत तो संपलेला असतो. बल्ब लख्ख पेटला आणि मोटर तरी लंगडी, तर मोटर बदला.

निवांत_गियर
नवी मोटर लावल्यावर दरवाजा उलटा चालला, म्हणजे बाकीचे लागताना तो उघडला, तर निळी-हिरवी अदलाबदल करा.

गंजका_बोल्ट
हे मात्र बरोबर सांगितलंत.