बंगई, धाबं, भरीत आणि पुस्तक: वाचनवेड्याच्या हौशी पुऱ्या कशा करायच्या?

पानखाऊ, चोपडा

राम राम मंडळी. वाचणाऱ्या माणसाला अशा काही हौशी असतात, की घरात बोलून दाखवल्या तर लोक कपाळाला हात लावतात. म्हणून इथे विचारते.

पहिली बंगईची, म्हणजे झोपाळ्याची. ताठ बसून नाही, अर्धवट लोळून वाचायचंय. हेलकावा हवा, पण गरगरायला नको. घराचा पुढचा भाग स्लॅबचा आहे, मागचा जुना धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा. कुठे टांगावी? दुसरी, मे महिन्यात रात्री धाब्यावर बाज टाकून वाचायचंय, पण दिवा लावला की पाखरं येतात. तिसरी, भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी खाताना पुस्तक खाली ठेवायचं नाही, आणि पानाला डागही नको (हसा, हसा). चौथी, मागच्या खोलीत लोखंडी पेटीत जुने दिवाळी अंक आणि कादंबऱ्या आहेत. त्यातली कसर जावी, वास मात्र राहावा. शेवटची सगळ्यात वेडी: खानदेशात अशा जागी बसून वाचायचं, की जागेचा आणि वाचनाचा काहीतरी धागा जुळेल.

"वा, छान कल्पना" नको. करायचं कसं ते सांगा.

रंधा, धुळे

ताई, बंगईचं सांगतो. मागच्या घरात तुळई तपासल्याशिवाय टांगू नका. धाब्यावरच्या मातीचं ओझं तुळईवर आधीच असतं. तुळई भिंतीत जिथे शिरते तिथे उधई (वाळवी) आधी लागते. तिथे पेचकसाचं टोक दाबून पाहा. लाकडात सहज शिरलं, किंवा हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर आवाज पोकळ आला, तर तो विषय सोडून द्या.

पुढच्या भागात स्लॅबला खालून ड्रिल मारून फासनर (काँक्रीटमध्ये ठोकायचा बोल्ट) बसवणारे खूप भेटतील. ते करू नका. घरचा स्लॅब ४-५ इंचांचा असतो. फासनरवर ताण सरळ खाली येतो आणि झोक्याच्या हिसक्यांनी तो सैल होत जातो. हूक बीमला घ्यावा: बीमच्या उंचीच्या मध्यावर आडवं आरपार छिद्र, त्यात १२ मिमीचा बोल्ट, दोन्ही बाजूंना ६ मिमी जाडीची पट्टी आणि त्या पट्ट्यांना खाली कडी. बीमच्या तळाशी मुख्य सळया असतात, तिथे ड्रिल लावायचं नाही. आधी इंजिनिअरला दाखवा. बीम सोयीच्या जागी नसेल तर २ इंची पाइपाचा उभा सांगाडा करून घ्या, घराला धक्का नाही.

ताकदीचा हिशोब तुमच्या वजनावर करू नका. झोका उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत गेला, तर खाली येताना साखळ्यांवर वजनाच्या दुप्पट ताण येतो. ९० अंशांपर्यंत गेला तर तिप्पट. तुम्ही वाचताना एवढा झोका घेणार नाही, पण सुट्टीत भाचे येतात. प्रत्येक कडी निदान ३०० किलो पेलणारी घ्या.

गरगरणं साखळीच्या लांबीवर आहे. ४ फुटी साखळीला एक पूर्ण हेलकावा सव्वादोन सेकंदांत होतो, ८ फुटीला तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. लांब साखळीला झोका संथ, डोळे ओळीवर टिकतात. म्हणून कडी जितकी उंच मिळेल तितकी चांगली. वरच्या कड्यांमधलं अंतर पाटापेक्षा दोन्ही बाजूंना ३-४ इंच जास्त ठेवा, म्हणजे बंगई आडवी डुलत नाही. लोळायचं तर पाट ५ फूट बाय २ फूट, जाडी सव्वा इंच, सागवानी. जमिनीपासून १६ इंच उंच, म्हणजे पाय टेकवून थांबता येतं. कुरकुर होते ती लोखंड लोखंडावर घासून. बेअरिंगवाली कडी बसवा, नाहीतर पंधरवड्याला ग्रीस.

आणि दिवा भिंतीवर नको. बंगई हलते, दिवा हलत नाही, मग सावली पानभर फिरते. गरगरणं निम्मं तिच्यामुळेच असतं. चार्जिंगचा छोटा दिवा साखळीलाच चिमट्याने लावा, तो पानाबरोबर हलतो.

दगडी पाटा

भरताचं मी सांगते. आपल्या भरतात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि तेल. त्यामुळे डाग रंगाचा कमी, तेलाचा जास्त. शेवभाजी असेल तर पुस्तक दूर ठेवा, तिथे तेल, काळा मसाला आणि हळद तिन्ही एकत्र.

मुळात चूक होते ती पुस्तक ताटाच्या पलीकडे ठेवल्याने, कारण मग हात ताटावरून जातो. पोथी ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड मिळतो, तो ताटाच्या डावीकडे, ताटापासून वीतभर लांब आणि ताटापेक्षा उंच. पानं डाव्या हाताने उलटायची, उजवा हात फक्त भाकरीचा. नवीन पेपरबॅक उघडं राहत नाही, त्याला जाड रबर दोन्ही बाजूंच्या पानांवरून लावा किंवा कपड्यांचे दोन चिमटे. चिमट्याखाली कागदाचा तुकडा घाला, नाहीतर वळ उमटतो.

तरी तेल सांडलंच तर लगेच, न चोळता, पानाच्या दोन्ही बाजूंना टिपकागद दाबा. मग डागावर कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कमचा जाड थर, वर पुन्हा टिपकागद, पुस्तक मिटून वर वजन. २४ तासांनी मऊ ब्रशने झाडा. गरज वाटली तर पुन्हा एकदा. जुना, पारदर्शक झालेला डाग याने जात नाही. हळदीला साबण किंवा सोडा अजिबात लावू नका: साबण अल्कलीचा, हळद त्याने लाल होते आणि पिवळ्या डागाचा तांबडा होतो. हळदीचा रंग उजेडात आपोआप फिका पडतो, पण उन्हात ठेवलं तर डागाआधी कागद पिवळा पडेल. तो डाग राहू द्या.

तापीकाठ

पेटीतली पुस्तकं मे महिन्यात दोन दिवस कडक उन्हात टाका, मग डांबरगोळ्या भरा. पूर्वापार हेच चालत आलंय. एवढा काय विचार करायचा?

खळवाला, जळगाव

तापीकाठ भाऊ, ऊन नको. जळगावात मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो. त्यात उघडं पुस्तक वाळून ठिसूळ होतं, दिवाळी अंकाचा स्वस्त कागद तर घडीवर मोडतो. डांबरगोळ्यांनी किडे थोडे पळतील, पण ताईंना जो वास हवाय तो पहिला जाईल आणि बंद खोलीत त्या वाफा माणसालाही बऱ्या नाहीत.

आधी कोण खातंय ते ओळखा. पानाचा वरचा थर खरवडल्यासारखा, कडा कुरतडलेल्या, तर कसर. गोल, टाचणीच्या डोक्याएवढी आरपार भोकं आणि खाली बारीक भुगा, तर पुस्तककिडा. मातीच्या नळ्या दिसल्या तर उधई. उधई पुस्तकात राहत नाही, ती जमिनीतून भिंतीवाटे येते. त्यामुळे पुस्तकावर कितीही उपचार करा, भिंतीचा बंदोबस्त केल्याशिवाय ती थांबणार नाही. पेटी भिंतीपासून अर्धा फूट सरकवा आणि विटांवर ठेवा, म्हणजे नळी चढताना दिसते.

कसर आणि पुस्तककिड्याला गारठवून मारता येतं. पुस्तक कोरडं असल्याची खात्री करा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड टेपने बंद करा, वरून दुसरी पिशवी. मग डीप फ्रीझरमध्ये उणे १८-२० अंशांवर दोन आठवडे. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा तेवढा थंड होत नाही. मध्ये बराच वेळ वीज गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा, कारण हळूहळू थंडी वाढली-घटली की अंडी तगतात. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही. आपल्याकडे हीच चूक फार होते. गार कागदावर हवेतलं पाणी बसतं आणि किड्यांऐवजी बुरशी मिळते. फोटो चिकटवलेले अल्बम आणि चामडी बांधणी यात घालू नका.

वासाचं म्हणाल तर दोन वास असतात. गोडसर, किंचित व्हॅनिलासारखा वास कागदातलं लिग्निन तुटताना येतो. तो गारठवल्याने जात नाही. कोंदट, ओल्या गोणपाटाचा वास बुरशीचा, तो घालवायलाच हवा. पुस्तक सावलीत, पंख्याखाली, पंख्यासारखं उघडून उभं ठेवा, दोन-तीन दिवस. मग पेटीत खाण्याच्या सोड्याची वाटी, तोंडाला सुती फडकं बांधून. सोडा पुस्तकावर टाकायचा नाही.

दिवाळी अंकांच्या पिना बघितल्यात का? दोन तांबूस ठिपके, आणि मधलं पान नेमकं तिथेच सुटलेलं. गंज कागद खातो. बोथट सुरीच्या टोकाने पिनेचे पाय आतून सरळ करा, पाठीमागून ओढून काढा आणि त्याच भोकांतून मेण लावलेला सुती दोरा ओवून मधल्या पानात गाठ मारा. सुटी पानं फेव्हिकॉलने चिकटवू नका, ते कडक होतं आणि पुढच्या बांधणाऱ्याला सुटत नाही. मैद्याची पातळ खळ, एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईतो. बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विष आहे, घरच्या भांड्यात करू नका. आणि पेटीला आतून धुतलेलं जुनं सुती धोतर लावा. पहिल्या पावसात लोखंड घाम धरतं.

पानखाऊ, चोपडा

खळवाला दादा, पिनांचं डोक्यातच आलं नव्हतं. धाब्याचं कोणी सांगेल का? आणि वाचायच्या जागा?

गच्चीवरचा, शिरपूर

पाखरं पांढऱ्या, निळसर दिव्याकडे जास्त येतात. २२००-२७०० केल्विनचा पिवळा दिवा घ्या, खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. दुसरी युक्ती: एक जोरदार पांढरा दिवा धाब्याच्या दूरच्या टोकाला, बाजेपासून १५-२० फुटांवर लावा. पाखरं तिकडे जातात. बाजेवरचा दिवा लहान आणि खाली वळवलेला. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर उधईचे पंखवाले किडे थव्याने निघतात. त्या दोन-चार रात्री मच्छरदाणी लावूनसुद्धा फारसं वाचून होणार नाही.

स्लॅब दिवसाची धग रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो, म्हणून सातला पाणी मारा. मातीच्या धाब्यावर बादली ओतू नका, नुसता शिंतोडा. माती धुपते.

अर्धा इकडे, नंदुरबार

जागांसाठी पहिलं नाव नवापूर स्टेशनचं. फलाटाच्या ८०० मीटरपैकी साधारण ३०० मीटर महाराष्ट्रात, ५०० गुजरातेत. मध्ये एक बाक आहे, सीमारेषा त्या बाकावरूनच जाते. तुमची हौस ऐकून सुचवतो: मराठी पुस्तक महाराष्ट्राच्या बाजूला बसून सुरू करा आणि मध्यावर आलात की सरका. सोबत गुजराती वाचणारी मैत्रीण असेल तर तिने उलट दिशेने. फलाट तिकीट १० रुपये, ते दोनच तास चालतं. मिनिटाला दोनशे शब्दांच्या वेगाने डेमी आकाराची ८० पानं होतील, म्हणून कादंबरी नको, कथासंग्रह न्या. गाडी आली की फोटोवाल्यांची त्या बाकावर रांग लागते. दोन गाड्यांमधली वेळ पकडा.

दुसरी जागा भादली. जळगाव-भुसावळच्या मधलं छोटं स्टेशन. बालकवींचा जन्म १८९० साली धरणगावचा आणि १९१८ साली भादलीजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, वय जेमतेम सत्तावीस. 'औदुंबर' आठच ओळींची आहे, सोबत पुस्तक नसलं तरी चालतं. वाचायचं ते फलाटावर बसून, रुळांकडे पाठ करून नव्हे. तिथून असोदा जवळ आहे, बहिणाबाईंचं माहेर. त्यांच्या ओव्या मनातल्या मनात वाचू नका, मोठ्याने म्हणा. त्या मुळात म्हणण्यासाठीच होत्या.

अमळनेरला जायचं असेल तर सुरत-भुसावळ लाइनवरच आहे. पण तिथे काय वाचावं ते अमळनेरकरांनीच सांगावं. भर उन्हात जाऊ नका. गाडीच्या डॅशबोर्डवर पुस्तक ठेवलं तर पाठीचा गोंद मऊ होऊन पानं सुटतात, खळवाला दादांना पुन्हा त्रास.