वापरलेला पॉवर ॲम्प्लिफायर घेणे म्हणजे भंगार घेणे काय? 'अंबडचा अभियंता' यांना सविस्तर उत्तर

मंद्रसप्तक (गंगापूर रोड)

'अंबडचा अभियंता' यांनी परवा असे लिहिले की, चाळीस वर्षे वापरलेला पॉवर ॲम्प्लिफायर पाच आकडी रक्कम देऊन घरी आणणारा माणूस भंगारवाल्याचे काम हलके करतो, आणि तळहाताएवढ्या क्लास-डी (आउटपुट झपाट्याने चालू-बंद करून चालणाऱ्या) ॲम्प्लिफायर बोर्डापुढे त्या धुडाला आता काहीही अर्थ उरलेला नाही. त्याखाली अनेकांनी माना डोलावलेल्या पाहिल्या, म्हणून हा प्रपंच.

प्रथम वॅटांचे बोलू. आपल्या बोर्डावरील ज्या टीपीए ३२५५ चिपचा आपण एवढा गौरव केलात, तिचे ३१५ वॅट हे ४ ओहमला आणि १० टक्के विकृतीला (डिस्टॉर्शनला) मोजलेले असतात. १ टक्क्याला तीच चिप २६० वर येते, आणि हे दोन्ही आकडे तिच्या निर्मात्यानेच छापलेले आहेत. बोर्डासोबत मिळणारा अडॅप्टर ३२ व्होल्ट, ५ अँपिअरचा असेल तर मुळात १६० वॅटच आत जातात, तेही दोन्ही चॅनेल मिळून. बाहेर दोन्ही चॅनेलचे मिळून ६३० कोठून येणार? माझा क्वाड ४०५ हा इंग्लंडमधील क्वाड कंपनीचा, १९७५ साली बाजारात आलेला नमुना आहे आणि त्याच्या कागदावर ८ ओहमला १०० वॅट असे लिहिलेले आहे. मी ते घरी मोजले, आणि ते भरले.

एवढे वॅट लागतात कशाला, हा आपला दुसरा प्रश्न. माझे स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल देतात, त्यामुळे रात्री ऐकताना सरासरी अर्धा वॅटसुद्धा खर्च होत नसेल, हे मला मान्य आहे. परंतु तबल्याची एक कडक थाप सरासरीच्या वर १५ ते २० डेसिबल सहज जाते, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. शिल्लक हवी असते ती त्या एका क्षणासाठी.

राहिला दुरुस्तीचा मुद्दा. चिप गेली की आपला बोर्ड कचऱ्यात जातो. माझ्या ॲम्प्लिफायरचे संपूर्ण सर्किट उपलब्ध आहे आणि प्रत्येक भाग सोल्डरचा डाग काढून बदलता येतो. इंदिरानगरमधील एका गृहस्थांची सध्या जाहिरात आहे: 'क्वाड ४०५, सर्व कपॅसिटर नवे, बायस नुकताच सेट केलेला.' एवढी निगा राखलेल्या वस्तूला भंगार म्हणण्यास धाडस लागते.

अंबडचा अभियंता

अडॅप्टरचा मुद्दा बरोबर आहे, तो मी पदरात घेतो. विक्रेते त्या बाबतीत ग्राहकाला सर्रास फसवतात. मात्र त्यापुढील मजकूर वाचून मला हसावे की रडावे ते कळेना.

आपण ज्या जाहिरातीचे कौतुक केलेत, तीत बायस सेट केल्याचे म्हटले आहे. बायस म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरांतून सतत वाहू द्यायचा थोडासा करंट, आणि क्वाड ४०५ मध्ये तो जुळवण्याचा स्क्रू, म्हणजे प्रीसेटच नाही. क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर यांच्या करंट डम्पिंग रचनेचे सारे मर्म तेच आहे: एक लहान क्लास-ए ॲम्प्लिफायर नियंत्रण ठेवतो आणि मोठे आउटपुट ट्रान्झिस्टर बायसाशिवाय केवळ करंट ओततात, म्हणून कारखान्यात किंवा नंतर त्यात जुळवण्यासारखे काहीच उरत नाही. तेव्हा त्या गृहस्थांनी नेमके काय फिरवले, हे आधी विचारावे. अशा वस्तूवर आपण 'निगा' हा शिक्का मारता, आणि नवख्याने विश्वास ठेवून पैसे मोजावेत अशी अपेक्षा करता.

आता कानांविषयी. १९७८ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात जेम्स मॉयर यांनी घेतलेल्या श्रवण चाचणीचा अहवाल आला होता. क्वाडचाच व्हॉल्व्हचा 'टू', त्यांचाच ३०३ आणि आपला लाडका ४०५, असे तीन ॲम्प्लिफायर पातळी जुळवून, नावे लपवून ऐकवले गेले, आणि श्रोत्यांना ते एकमेकांपासून वेगळे ओळखता आले नाहीत. तीन पिढ्यांचे हे यंत्र विकणाऱ्या कंपनीलाच त्यांत ऐकू येणारा फरक असल्याचा दावा करायचा नव्हता. मग १९७५ च्या लोखंडासाठी एवढी रक्कम कशाला?

आणखी एक. आपण मागे लिहिले होते की आपले बहुतेक ऐकणे गायक द. वि. पलुस्करांचे असते. त्यांचा जन्म १९२१ चा, आपल्याच नाशिकमधला. निधन १९५५ साली. त्यांचे जे काही मुद्रित झाले ते सारे मोनो, आणि पुष्कळसे ७८ च्या तबकड्यांवरचे. त्यासाठी दोन चॅनेल आणि शंभर वॅटांची शिल्लक?

सतारप्रेमी (नाशिक रोड)

मी या दोघांच्याही बाजूची नाही, कारण हे दोघे आकड्यांचे भांडतात आणि घरात तो खोका पुसण्याचे काम माझ्याकडे येते. विजेचा बाऊ मात्र कोणी करू नये: रिकामा चालताना ५० वॅट खाणारा ॲम्प्लिफायर रोज चार तास लावला तर महिन्याला ६ युनिट होतात, तेवढे तर गिझर दोन-तीन दिवसांत खातो.

आमच्या घरी दिरांनी आणलेला एक जपानी पॉवर ॲम्प्लिफायर आहे. तो १०० व्होल्टचा असल्यामुळे त्याच्यासोबत एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरही घरात आला, म्हणजे एकाच्या जागी दोन धुडे. पावसाळ्यात त्याचा डावा चॅनेल हळू आवाजात नाहीसा होतो आणि आवाज वाढवला की खट्कन परत येतो. मेकॅनिकने सांगितले की आउटपुट ट्रान्झिस्टर गेले, आणि ५२००–१९४३ या क्रमांकांच्या ट्रान्झिस्टरांची नवी जोडी बसवून पैसे घेतले. डावा चॅनेल अजूनही तसाच जातो-येतो. तेव्हा 'प्रत्येक भाग बदलता येतो' हे वाक्य मंद्रसप्तक यांनी जरा जपून लिहावे. बदलता येतो, पण कोणता बदलायचा हे सांगणारा माणूस मिळावा लागतो.

शिवाय त्यात सतत गुणगुण होती. शेवटी वायरमनने प्लगाची अर्थची जाड पिन काढून टाकली आणि ती थांबली. एवढे साधे उत्तर या चर्चेत कोणीही दिले नव्हते.

ओझर निवृत्त

हे 'साधे उत्तर' वाचून मी जेवणावरून उठलो. बाकी चर्चा थांबवून ती पिन आज, आत्ता पुन्हा लावावी.

अर्थची पिन काढल्याने गुणगुण थांबते, कारण दोन ठिकाणांहून अर्थ मिळाल्यामुळे तयार झालेले वेटोळे तुटते. पण त्या पिनेचे काम गुणगुण करणे हे नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन एखाद्या दिवशी आतून फुटले की चेसिसवर २३० व्होल्ट येतात. पिन जागेवर असेल तर फ्यूज उडतो, पिन नसेल तर खोका पुसणारा माणूस उडतो. आणि खोका पुसण्याचे काम कोणाकडे आहे, हे ताईंनी स्वतःच लिहिले आहे. हयातभर यंत्रांच्या अर्थिंगची तपासणी केलेल्या माणसाने हे वाचून स्वस्थ बसावे काय? मेन रोडपासून सिडकोपर्यंत प्रत्येक वायरमनला ही एकच युक्ती येते आणि प्रत्येक जण ती कौशल्य म्हणून सांगतो.

गुणगुण आधी ऐकावी. ५० हर्ट्झची खोल, जाड घूं असेल तर बहुधा अर्थचे वेटोळे असते. १०० हर्ट्झची किंचित खरखरीत असेल तर पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर वाळले आहेत असे समजावे. वेटोळे असेल तर टीव्हीची केबल सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहावी. त्या केबलचे जाळे इमारतीत दुसऱ्याच ठिकाणी अर्थ झालेले असते आणि नव्वद टक्के वेळा चोर तोच असतो. केबल काढल्यावर आवाज थांबला तर केबलच्या वाटेवर आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देणारा पण अर्थचा जोड तोडणारा भाग, लावावा, आणि सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून चालवावीत.

डाव्या चॅनेलचे सांगायचे तर, हळू आवाजात जाणारा आणि जोरात परत येणारा चॅनेल हा स्पीकर रिलेचा, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचा, काळवंडलेला संपर्क असतो. दमट हवेत तो हमखास सतावतो. रिले बदलावा. ट्रान्झिस्टर गेला असता तर तुमचा वूफर बोलला असता, तोही एकदाच.

सिडकोतला भाडेकरू

काकांचा संताप वाचला. तो बंगलेवाल्यांना परवडतो. मी ज्या इमारतीत राहतो तिथे सॉकेटचे तिसरे भोक केवळ दिसण्यापुरते आहे. मागे तारच नाही. माझ्या आधीच्या भाडेकरूने तर न्यूट्रलचा तुकडा आतल्या आत अर्थच्या खुंटीला जोडून ठेवला आहे आणि त्यावर त्याचा फ्रिज, मिक्सर, सर्व काही निर्वेध चालले. पिन लावली काय आणि काढली काय, आम्हाला काय फरक पडतो? 'आज, आत्ता' असे फर्मान सोडण्यापूर्वी लोक कशा घरांत राहतात हेही कधी पाहावे.

ओझर निवृत्त

मी बंगल्यात राहत नाही, आणि राहत असतो तरी विजेला ते कळले नसते.

न्यूट्रलचा तुकडा अर्थला जोडणे हे पिन काढण्याहून वाईट आहे. ज्या दिवशी आपल्या घराकडे येणारा न्यूट्रल कोठेतरी सैल होऊन सुटेल, त्या दिवशी चालू असलेल्या बल्बातून फेज उलटा फिरून फ्रिज, मिक्सर आणि ॲम्प्लिफायर या सर्वांच्या पत्र्यावर येईल. 'निर्वेध चालले' हे तो सुटेपर्यंतच खरे असते. तो तुकडा काढून घ्या. घरमालक अर्थिंग करून देत नसेल तर निदान मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. अंगातून करंट जमिनीकडे जाऊ लागला की ती तोडते, त्यासाठी अर्थची तार असलीच पाहिजे असे नाही. अर्थिंगची जागा ती घेत नाही, पण जीव वाचवण्याची संधी देते. याहून सौम्य शब्दांत मला लिहिता येत नाही.

सिडकोतला भाडेकरू

न्यूट्रलविषयी जे लिहिले ते बरोबर असेल, असे धरून चालतो. आरसीसीबीचे पैसे घरमालक भाड्यातून वळते करून देतील अशी आशा बाळगतो, म्हणजे थोडक्यात ते मीच भरणार आहे. धन्यवाद.

अंबडचा अभियंता

या सगळ्या अर्थपुराणातून एक गोष्ट कोणीही बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. क्लास-डी बोर्डाचा अडॅप्टर चांगल्या प्रतीचा असेल तर तो दुहेरी इन्सुलेशनचा असतो. चौकोनात चौकोन अशी खूण त्यावर छापलेली असते आणि त्याला अर्थची गरजच नसते. चेसिसवर २३० व्होल्ट नाहीत, पिनेचा वाद नाही, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर नाही. ज्या इमारतीत तिसरे भोक शोभेचे आहे, तेथे जुना ॲम्प्लिफायर सुचवणे हा बेजबाबदारपणा आहे, आणि मंद्रसप्तक यांच्या लेखात त्याविषयी एक अक्षरही नव्हते.

मंद्रसप्तक (गंगापूर रोड)

नव्हते, कारण माझा लेख ॲम्प्लिफायरविषयी होता, सिडकोतील वायरिंगविषयी नव्हता. तरीही आपला मुद्दा अर्थिंग नसलेल्या घरांपुरता ग्राह्य धरतो. फक्त त्या दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या बोर्डाच्या धातूच्या खोक्याला उलट्या बोटांनी हलकेच स्पर्श करून पाहावा. जी झिणझिणी येते ती आतल्या फिल्टर कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या करंटची असते. धोक्याची नसते म्हणतात. माझ्या खोक्याला मात्र ती येत नाही.

जाहिरात मी लिहिलेली नाही. बायसाविषयी विक्रेता खोटे बोलला हे आपण दाखवून दिलेत, त्याबद्दल अभिनंदन. पण त्यामुळे ४०५ वाईट ठरत नाही, विक्रेता ठरतो. खरे तर आपलाच दाखला माझ्या बाजूने जातो. ज्या ॲम्प्लिफायरमध्ये जुळवण्यासारखे काहीच नाही, तो पन्नास वर्षांनंतर बिघडण्याची एक जागा कमी. त्याला आजच्या डॅकशी (डिजिटल संगीताचा ॲनालॉग सिग्नल करणाऱ्या उपकरणाशी) जोडताना एक अडचण येते, ती आपण सांगितली नाहीत म्हणून मी सांगतो: तो अर्ध्या व्होल्टला पूर्ण शक्ती देतो आणि डॅक २ व्होल्ट सोडतो, त्यामुळे व्हॉल्यूमचे बटण जेमतेम सरकवले की भिंती हलतात. इनपुटला दोन रेझिस्टर टाकून १२ डेसिबल कमी केले की प्रश्न मिटतो.

पलुस्कर मोनो आहेत हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ते दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध उभे राहतात. दोन्ही चॅनेल समान असले तरच हे घडते, आणि डावा चॅनेल पावसाळ्यात सुटीवर जाणाऱ्या यंत्रात ते घडणार नाही.

सतारप्रेमी (नाशिक रोड)

टोमणा पोहोचला. केबल काढली, घूं थांबली, पिन पुन्हा लावली आहे. आयसोलेटरसाठी महात्मा गांधी रोडवर चौकशी केली तर दुकानदाराने मला एका केबलच्या दोन करणारा स्प्लिटर दाखवला. रिलेचे काकांनी सांगितले तेच निघाले. कव्हर काढून पाहिले तर संपर्क काळे पडलेले स्पष्ट दिसत होते. म्हणजे ती ५२००–१९४३ ची जोडी फुकट बदलली गेली, आणि मूळची जोडी मेकॅनिकने परत दिलेली नाही.

ओझर निवृत्त

मूळची जोडी मागून घ्या. जुन्या यंत्रातून निघालेले खरे ट्रान्झिस्टर आज नव्यापेक्षा मोलाचे असतात, कारण त्या नावाची नक्कल बाजारात भरपूर आहे. नवी बसवलेली जोडी खरी की खोटी याची खात्री होईपर्यंत ॲम्प्लिफायर चालू करताना १०० वॅटचा साधा, तारेचा बल्ब विजेच्या वाटेत सिरीजमध्ये लावावा, आणि स्पीकर जोडू नयेत. बल्ब क्षणभर झगझगून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करावे. मंद झाल्यावर बल्ब काढून, थेट वीज देऊन स्पीकरच्या खुंट्यांवर डीसी मोजावे. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर स्पीकर जोडण्यास हरकत नाही. वापरलेला ॲम्प्लिफायर घेणाऱ्या प्रत्येकाने विक्रेत्याच्या घरी हेच करून पाहावे, आणि तो नको म्हणाला तर चहा पिऊन परत यावे.

अंबडचा अभियंता

काकांची चाचणी योग्य आहे. त्या चाचणीतून उतरलेला ॲम्प्लिफायर भंगार नाही, एवढे मी लिहून देतो. तो माझ्या बोर्डापेक्षा चांगला *ऐकू येतो*, हे मात्र मी लिहून देणार नाही. मंद्रसप्तक यांची तयारी असेल तर मॉयर यांच्या पद्धतीने एक बैठक घेऊ. पडदा लावू, आणि स्पीकरच्या खुंट्यांवरील व्होल्टेज दोन्हीकडे एक टक्क्याच्या आत जुळवू, म्हणजे पातळीत ०.१ डेसिबलच्या आसपासच फरक राहील.

मंद्रसप्तक (गंगापूर रोड)

तयारी आहे. स्पीकर माझे राहतील, व्होल्टेज काका मोजतील, आणि पडद्यामागे अदलाबदल करण्यास सतारप्रेमी बसतील, कारण त्या आपल्या दोघांपैकी कोणाच्याही नाहीत. आपण येताना बोर्डाचा अडॅप्टर पुरेशा अँपिअरचा आणावा. हरल्यानंतर तीच सबब ऐकण्याची माझी इच्छा नाही.