मदत हवी आहे : भिजवलेले बेदाणे घातलेल्या डार्क चॉकलेटवर पांढरे डाग

नाताळच्या भेटीसाठी ५५ टक्के डार्क कूव्हर्चरच्या (भरपूर कोको बटर, म्हणजे कोकोची चरबी असलेल्या चॉकलेटच्या) वड्या करतेय, कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी घातलेलं) नाही. ५०० ग्रॅम चॉकलेटला १५० ग्रॅम निफाडकडचे बेदाणे, संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवलेले. बेदाणे निथळून, सुती कापडावर पंख्याखाली सुकवून मग घालते. तरी ते पडताच चॉकलेट घट्ट होऊ लागतं आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येक बेदाण्याभोवती पांढरट कडं उमटतं.

टेम्परिंग (चकाकी आणि कडकपणासाठी चॉकलेट ठरावीक तापमानांवर गरम-थंड करणं) ठीक आहे असं वाटतं: ४५ अंशांपर्यंत वितळवून २७ ला उतरवते, पुन्हा ३१ वर आणते. त्याच घाणातल्या नुसत्या बदामाच्या वड्या चकचकीत निघतात, मोडताना कट्कन आवाज येतो. डागावर बोट घासलं तर तो बोटाच्या उबेने वितळत नाही, खरखरीतच लागतो; म्हणजे कोको बटर नव्हे, ओलाव्याने वर आलेली साखर असावी. फ्रीज वापरत नाही, नाशिकच्या सध्याच्या थंडीत वड्या ओट्यावरच छान सेट होतात. कोरडे बेदाणे घातले तर डाग नाहीत, पण संत्र्याचा स्वाद जातो आणि तोच तर मला हवाय.

रम चालणार नाही, भेटी लहान मुलांच्या घरीही जाणार आहेत. डीहायड्रेटर नाही, साधा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे, त्याचं तापमान ६० च्या खाली येत नाही. वड्या किमान दोन आठवडे टिकायला हव्यात.

भिजवलेले बेदाणे ओटीजीत ६० वर किती वेळ ठेवले तर आतून मऊ राहून वरून पुरते कोरडे होतील? की वितळलेल्या कोको बटरचा पातळ हात देऊन घातले तरी पुरेल, आणि १५० ग्रॅमला ते किती घ्यावं?