रंगावरून गिअरबॉक्सचा निकाल नको
कुणीतरी म्हटलंय की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑईल तपकिरी झालं म्हणजे गिअरबॉक्स गेला, तसं काही नसतं हो. लाल रंग हा नुसता ऑईलमध्ये मिसळलेला डाय असतो, गळती इंजिन ऑईलची की गिअरबॉक्सची ते कळावं म्हणून, आणि उष्णतेने तो काळवंडतोच. डिपस्टिक (ऑईलची पातळी बघायची पट्टी) असेल तर पांढऱ्या टिश्यूवर थेंब टाका, वास घ्या, जळका वास आणि काळी भुकटी दिसली तर गिअरबॉक्सच्या आतले क्लच झिजतायत, आणि दुधट गुलाबी दिसलं तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आत शिरलंय, मग गाडी चालवूच नका. आणि लाल दिसतंय म्हणून कुठलंही ओतू नका, मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशनच बघा, डेक्सरॉन ३ या जुन्या प्रकारच्या ऑईलच्या जागी नवं डेक्सरॉन ६ चालतं पण उलटं नाही, सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं) ऑईल तर वेगळंच असतं.