पी२७ फक्त ब्रेक नाही

कुणीतरी लिहिलंय की सायक्लिन, सीडीके (मिळून पेशीचं विभाजन पुढे नेणारी प्रथिनं) आणि त्यांचे अवरोधक केवळ विभाजन चालू-बंद करतात, पेशीचं रूप, म्हणजे ती कोणत्या प्रकारची होणार, हे पुढे आपसूक ठरतं. इतकं सरळ नाही हो ते. पी२७ हे असंच एक अवरोधक प्रथिन घ्या. केंद्रकात सीडीकेला अडवून विभाजन थांबवणं हे त्याचं पाठ्यपुस्तकी काम. पण उंदराच्या भ्रूणात मेंदूचं कॉर्टेक्स (बाह्य आवरण) घडताना पी२७चा एक अर्धा भाग न्यूरोजेनिन-२ला (पेशीला चेतापेशी बनवणाऱ्या प्रथिनाला) टिकवून धरतो, त्यामुळे चेतापेशी तयार व्हायला मदत होते. दुसरा अर्धा भाग आरएचओए या पेशीच्या हालचालीवर ताबा ठेवणाऱ्या प्रथिनाचं काम रोखतो आणि ती पेशी बाहेरच्या थराकडे सरकते. गंमत म्हणजे सीडीकेला चिकटूच न शकणारं पी२७ असलं तरी ही दोन्ही कामं होतात!

म्हणूनच कर्करोगात 'पी२७ आहे ना, मग बरं' असं म्हणता येत नाही. ते केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात साचलं तर गाठीतल्या पेशींच्या भटकंतीला हातभार लागू शकतो.

उलट दिशेचं उदाहरणही आहे: सायक्लिन डी१ वाढलं की सीडीके४मार्फत मायोडी (स्नायुपेशी घडवणारं प्रथिन) दबतं आणि स्नायुपेशी घडणं अडतं.