प्रतिसाद: रोजचा प्रवास खरंच हिशेबाने ठरतो का?

वेळ आणि खर्च यांची तुलना करूनच माणूस सायकल, पायी किंवा बस निवडतो, असं बरेचदा म्हटलं जातं. पहिल्यांदा ठरवताना बहुतेक तसंच होत असेल. पण एकदा घडी बसली की रोज सकाळी कोण तुलना करत बसतं? पाय आपोआप त्याच स्टॉपकडे वळतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवस संप झाला. बरीच स्थानकं बंद राहिली, त्यामुळे पुष्कळांना नाइलाजाने दुसरा मार्ग शोधावा लागला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या संशोधकांनी नंतर प्रवाशांच्या ऑयस्टर कार्डांच्या (तिकिटाऐवजी यंत्राला टेकवायच्या कार्डांच्या) नोंदी तपासल्या. साधारण ५ टक्के लोक संप मिटल्यावरही नव्याच मार्गाने जात राहिले. म्हणजे इतकी वर्षं त्यांना सोयीचा मार्ग सापडलाच नव्हता! त्यामागचं एक कारण मला फार बोलकं वाटतं: त्या रेल्वेचा प्रसिद्ध नकाशा खरी अंतरं दाखवत नाही, आणि जिथे तो जास्त फसवा आहे तिथल्या लोकांना या बदलाचा जास्त फायदा झाला.

मात्र कार्डाच्या नोंदीत फक्त कार्ड टेकवणारेच दिसतात. त्या दोन दिवसांत जे चालत किंवा सायकलने गेले आणि पुढेही तसेच जात राहिले, ते या आकड्यात येतच नाहीत. म्हणून अशा अभ्यासांत पायी आणि सायकलच्या प्रवासाची वेगळी नोंद ठेवलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.